गुऱ्हाळाचा ऱ आणि पॅच पाठवण्याची रीत

पॅच म्हणजे ठिगळ. चालू सॉफ्टवेअरच्या मूळ मजकुरातून, म्हणजे सोर्स कोडमधून, कोणत्या ओळी काढायच्या आणि त्यांच्या जागी कोणत्या घालायच्या एवढेच त्यात लिहिलेले असते. काढायच्या ओळीपुढे उणे, घालायच्या ओळीपुढे अधिक, आणि जागा सापडावी म्हणून वर-खाली तीन-तीन न बदललेल्या ओळी. दोन फायलींतला असा फरक काढून देणारा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम १९७४ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सबरोबर बाहेर आला. तो फरक वाचून जुनी फाइल आपोआप दुरुस्त करणारा ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून दहा हजार ओळींच्या फायलीतली चार ओळींची दुरुस्ती मोजक्या ओळींतच धाडता येऊ लागली. त्याहून मोठा फायदा असा झाला, की ती दुरुस्ती दुसऱ्याला वाचता येऊ लागली. पॅच पाठवण्याची जी काही रीतभात आहे ती या वाचणाऱ्याभोवती उभी आहे.

हा वाचणारा म्हणजे प्रकल्पाचा मेंटेनर. आलेला बदल घ्यायचा की नाही हे तो ठरवतो, आणि घेतला तर पुढे वर्षानुवर्षे तो बदल त्यालाच निस्तरावा लागतो. काही मेंटेनरांना कंपन्या पगार देतात. बरेच जण नोकरी सांभाळून रात्री आणि रविवारी हे काम करतात. ओपन सोर्सचा परवाना कोणालाही कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला कोड वाटण्याचा हक्क देतो. आपला बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारावा असा हक्क मात्र कोणताच परवाना देत नाही. नव्याने येणाऱ्यांची बहुतेक नाराजी या दोन हक्कांत गल्लत झाल्याने होते.

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतून दरवर्षी संगणक शिकलेली मुले मोठ्या संख्येने बाहेर पडतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजातला विद्यार्थ्यांचा ‘डब्ल्यूलग’ हा लिनक्स गट या भागात जुना आणि ओळखीचा आहे. मुंबईत रुषभ मेहता यांनी उभ्या केलेल्या फ्रापे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’, म्हणजे कारखान्याचा माल, हिशेब आणि पगार सांभाळणारे सॉफ्टवेअर, ओपन सोर्स आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत ते बसवून देणाऱ्याला त्यात चूक सापडली, तर ती मुळात दुरुस्त करून पाठवण्याची वाट त्याला मोकळी आहे. तरी मराठी माणसाला आधी खटकतात त्या मराठीच्याच चुका, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्याची शक्यताही कमी असते. म्हणून इथे उदाहरणाला तशीच एक चूक घेतली आहे. प्रकल्प कल्पनेतला आहे. चूक कोणत्याही मराठी यादीत भेटेल अशी आहे.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या संगणकात गूळ पाठवणाऱ्यांची यादी आहे. ‘गुऱ्हाळ’ असे टंकून शोध घेतला की काही नावे येतात, काही येत नाहीत. पडद्यावर तर सगळीकडे ‘गुऱ्हाळ’च दिसते. गोम आहे ती अर्ध्या ऱ मध्ये. युनिकोडच्या कागदपत्रांत त्याला पापणीचा र म्हटले आहे, आणि तो दोन प्रकारे लिहायला मुभा आहे. पहिला प्रकार म्हणजे स्वतंत्र ऱ आणि त्यापुढे हलंत. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून हा ऱ येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारी खूण असते. तिचे नाव शून्य रुंदीचा जोडक. पहिल्या प्रकाराने ‘गुऱ्हाळ’ लिहायला सात खुणा लागतात, दुसऱ्याने आठ. डोळ्याला शब्द एकच, संगणकाला दोन. युनिकोडने सारखी रूपे एक करण्यासाठी जी प्रमाण पद्धत दिली आहे, ती साधा र आणि खालचा नुक्ता यांना जोडून ऱ करते, पण जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. तेव्हा हा फरक शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमनेच सांभाळायला हवा. आणि पापणी ही काही लहानसहान गोष्ट नाही: याच पापणीमुळे आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांच्या खात्यात जात नाहीत.

दुरुस्ती दहा-बारा ओळींची आहे. हात शिवशिवतात, पण कोड लिहिणे ही पहिली पायरी नव्हे. आधी प्रकल्पाच्या नोंदवहीत ही चूक कोणी मांडली आहे का ते पाहायचे, आणि मिटवलेल्या जुन्या नोंदीही चाळायच्या. पुष्कळदा तोच प्रश्न कोणीतरी आधी विचारलेला असतो आणि ‘असे का करत नाही’ याचे सविस्तर उत्तर तिथेच पडलेले असते. मग ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ या नावाची फाइल वाचायची. जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रकल्पात ती असते. बदल कुठे पाठवायचा, कोणत्या शाखेवर करायचा, चाचण्या कशा चालवायच्या हे त्या घराचे नियम तिच्यात लिहिलेले असतात, आणि घरोघरी ते वेगळे असतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, पॅच साध्या मजकुराच्या ईमेलमधून घेतो. जोडपत्र केलेली फाइल तिथे चालत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला ओळीखालीच टिप्पणी लिहायची असते. ईआरपीनेक्स्ट गिटहब या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल ओढून घेण्याची विनंती, मागते, आणि तिच्या शीर्षकाची सुरुवात ‘फिक्स’, ‘फीट’ अशा ठरावीक शब्दाने हवी असते. नाही तर माणसाने पाहण्याआधी यंत्रच लाल खूण करते. एका घरची रीत दुसऱ्या घरी चालवणारा पाहुणा जसा ओळखू येतो, तसा फाइल न वाचता आलेला पॅचही.

बदल मोठा असेल तर आधी विचारावे. महिनाभर राबून आठशे ओळी लिहिल्या आणि मेंटेनरने ‘हे आमच्या दिशेत बसत नाही’ असे एका ओळीत सांगितले, तर त्यात उद्धटपणा नसतो. दोन ओळींचा प्रश्न आधी टाकला असता तर तो महिना वाचला असता. लहान दुरुस्तीला मात्र परवानगी मागत बसू नये. ‘मी हे करू का’ असे विचारून नोंदीवर आपले नाव लावून ठेवायचे आणि मग दोन महिने हाक ना बोंब, ही सवय तर फारच त्रासाची. त्या नोंदीकडे मग दुसरे कोणी फिरकतही नाही.

कोड लिहितानाचा पहिला नियम: एका पॅचमध्ये एकच गोष्ट. गुऱ्हाळाची दुरुस्ती करताना शेजारच्या ओळीतले स्पेलिंग चुकलेले दिसते, खालच्या फंक्शनची मांडणी बेंगरूळ वाटते, आणि संपादकाच्या खिडकीत एक बटण दाबले की सगळी फाइल नीटनेटकी होते. ते बटण दाबले की बारा ओळींचा पॅच बाराशे ओळींचा होतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आणि वाचणाऱ्याला त्या मसाल्यातून कोंबडी शोधावी लागते. स्पेलिंगची दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये जावी, मांडणीची तर विचारूनच.

हा नियम निव्वळ टापटिपीचा नाही. आज सर्वत्र वापरले जाणारे ‘गिट’ हे साधन लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये कर्नेलसाठी लिहिले. गिटमध्ये ‘बायसेक्ट’ नावाची सोय आहे. परवापर्यंत चालणारी गोष्ट आज बिघडली आणि मधल्या काळात हजार बदल झाले, तर बायसेक्ट बरोबर मधला बदल काढून देतो. तिथे ती गोष्ट चालते का ते पाहायचे, मग उरलेल्या अर्ध्यातला मधला. अशा दहा फेऱ्यांत हजारांतला गुन्हेगार सापडतो. पण सापडलेला बदल बारा ओळींचा असेल तरच चूक हाती लागते. बाराशेचा असेल तर शोध पुन्हा तिथून सुरू. म्हणूनच दहा पॅचची मालिका पाठवताना प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅम बांधला गेला पाहिजे आणि चालला पाहिजे. चौथ्या पॅचने मोडायचे आणि सातव्याने जोडायचे, हे चालत नाही.

दुरुस्तीबरोबर चाचणी हवी. इथे चाचणी सोपी आहे: एका रूपातले ‘गुऱ्हाळ’ साठवा, दुसऱ्या रूपाने शोधा, सापडले पाहिजे. कोडमध्ये दोन्ही रूपे डोळ्याला सारखीच दिसतील, म्हणून अक्षरे न लिहिता त्यांचे युनिकोड क्रमांक लिहायचे. पुढच्या वर्षी कोणी तो भाग नव्याने लिहील तेव्हा त्याला मराठी येत नसेल. चाचणी लाल झाली की काहीतरी मोडले एवढे तरी त्याला कळेल. दुरुस्तीशिवाय ही चाचणी नापास होते आणि दुरुस्तीने पास होते, हे दोन्ही पाहून मगच पॅच बांधावा. पहिली अर्धी खात्री पुष्कळ जण सोडून देतात.

यानंतर येतो तो कमिट संदेश, म्हणजे बदलाला जोडलेली टीप, आणि सर्वांत जास्त हयगय होते ती इथेच. ‘बग दुरुस्त केला’, ‘बदल’, ‘शेवटचा’, ‘आता खरंच शेवटचा’ असे संदेश आपल्या खासगी कामात कोणीही लिहितो. बाहेर पाठवायच्या पॅचमध्ये संदेश हा कोडच्या बरोबरीचा माल असतो. कोड काय करतो ते कोड वाचून समजते. तो तसा का लिहिला ते संदेशाखेरीज कुठेच नसते. कर्नेलचा शिरस्ता असा की पहिल्या ओळीत, सत्तर-पंचाहत्तर अक्षरांच्या आत, आधी भागाचे नाव आणि मग आज्ञार्थात बदल. मग एक रिकामी ओळ, आणि मग मजकूर. संदेश इंग्रजीतच जातो. गुऱ्हाळाच्या पॅचचा संदेश मराठीत मांडला तर असा दिसेल:

‘शोध: पापणीच्या र ची दोन्ही रूपे जुळवा

मराठीतला पापणीचा र दोन प्रकारे टंकला जातो: ऱ आणि हलंत, किंवा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक. दिसायला दोन्ही सारखेच. शोध खुणेगणिक तुलना करतो, त्यामुळे एका रूपात साठवलेला शब्द दुसऱ्या रूपाने शोधल्यास सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाण रूपांतराने हा फरक जात नाही. मजकूर साठवतानाच जोडकवाले रूप ऱ मध्ये बदला. दोन्ही रूपांची चाचणी जोडली आहे.’

मराठीचे अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही यातून काय बिघडले, कोणाला त्रास होतो, सोपा उपाय का पुरत नाही आणि काय केले, हे त्याच क्रमाने समजते. शेवटून दुसऱ्या वाक्यात एक चूक आहे. ती पुढे रिव्ह्यूत, म्हणजे इतरांच्या तपासणीत, निघेल.

संदेशाखाली सही लागते. कर्नेलमध्ये ती ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या शब्दांनी सुरू होते, आणि तिचा जन्म कज्ज्यातून झाला आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला. लिनक्समध्ये आपला कोड घुसवला आहे असे तिचे म्हणणे होते. कोणता कोड कोणाकडून आला याची साखळी दाखवता यावी म्हणून २००४ मध्ये कर्नेलने ही सही सुरू केली. ती करणारा सांगतो की हा कोड माझा आहे, किंवा या परवान्याखाली पुढे देण्याचा मला हक्क आहे. आभार मानण्याची ती जागा नव्हे, कायद्याचे ते विधान आहे. नोकरीत असलेल्याने त्यामुळे एक गोष्ट आधी पाहावी: कंपनीच्या करारानुसार त्याने लिहिलेल्या कोडची मालकी कोणाची? पुष्कळ करारांत ती कंपनीची असते, घरी बसून लिहिलेल्याचीही. लेखी परवानगी मागायला एक ईमेल पुरतो. सहीनंतर मागायला गेले तर मात्र प्रकरण वकिलापर्यंत जाऊ शकते. कुठून तरी उतरवलेला कोडही याच सहीखाली येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दल प्रकल्पांची धोरणे निरनिराळी आहेत: कुठे तो उघड सांगितला की चालतो, कुठे अजिबात चालत नाही. ‘कर्ल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ मध्येच जाहीर तक्रार केली होती, की अशा साधनांनी रचलेले, वाचायला झकास आणि आत पोकळ दोष-अहवाल तपासण्यात त्यांचे तास वाया जातात. पाठवणाऱ्याला स्वतःला उलगडून सांगता येत नाही अशी एकही ओळ पॅचमध्ये नसावी, हा कस सगळीकडे लागू पडतो. लिहिली कोणी हा प्रश्न मग दुय्यम ठरतो.

पॅच कोणाकडे पाठवायचा हे कर्नेलमध्ये एक छोटा प्रोग्रॅमच सांगतो. कोणत्या फायलीला हात लावला ते पाहून तो संबंधित मेंटेनरांची नावे काढून देतो. ओळींची मांडणी तपासणारा ‘चेकपॅच’ हा दुसरा प्रोग्रॅम आधी आपणच चालवून घ्यायचा. वेळेचेही भान हवे. कर्नेलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे साठलेले बदल आत घेण्याचे, आणि त्या धामधुमीत नवा पॅच वाचायला कोणाला सवड नसते. गुळाच्या हंगामात अडत्याला उन्हाळ्यातला भाव विचारण्यासारखे ते होते.

पत्राच्या मायन्याबद्दल इकडच्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात, मग आपले कॉलेज, वर्ष, शाखा, ओपन सोर्सबद्दलची ओढ, आणि शेवटी ‘कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’ हा अर्जाचा साचा शाळेपासून अंगवळणी पडलेला असतो. इथे तो नमनाला घडाभर तेल ठरतो. समोरचा माणूस पुरुष आहे हेही गृहीत धरलेले असते, आणि ते अनेकदा चुकते. नावाने हाक मारणे इथे उद्धटपणाचे नाही. तालमीत वस्तादाला नावाने हाक मारणारा पोरगा कोल्हापुरात टिकणार नाही, पण या तालमीत सगळे एकमेकांना नावानेच बोलावतात. आदर दाखवायचा तो चेकपॅच आधी चालवून. दुसऱ्या टोकाला जाऊन कोल्हापुरी मोकळेपणाचा इंग्रजी तर्जुमाही करू नये. गावात ‘हे काय लिवलंय लेका’ हे मायेने म्हणता येते. लिखित इंग्रजीत त्यातली माया गळून जाते आणि नुसता सवाल उरतो.

मग वाट पाहायची. कर्नेलची कागदपत्रे सांगतात की आठवणीचे पत्र किंवा तोच पॅच पुन्हा पाठवण्यापूर्वी निदान एक आठवडा तरी थांबावे, गर्दीच्या दिवसांत आणखी. आठवण एका ओळीची असावी. पंधरा-वीस दिवसांनी तशी आठवण केली तर कोणाला राग येत नाही. पॅच खरोखर नजरेतून सुटलेला असतो. रोज ‘काही अपडेट?’ मात्र नको, आणि मेंटेनरच्या खासगी पत्त्यावर वेगळा तगादा त्याहून नको.

अशा तगाद्याचे टोक २०२४ मध्ये दिसले. ‘एक्सझेड’ हे फाइल दाबून लहान करणारे साधन लासे कॉलिन हे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून त्यांना बिनतोड, उपयोगी पॅच पाठवत राहिला. दुसऱ्या काही नावांनी त्याच वेळी कॉलिन यांच्या मागे लकडा लावला: काम मंद चालले आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. कॉलिन यांनी तब्येतीची अडचण सांगितली, तरी दबाव थांबला नाही. शेवटी जिया तानकडे अधिकार आले, आणि त्याने त्या साधनात चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ रोजी प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो उघड केला, तोही दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो या एका शंकेवरून. तेव्हापासून घाई करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मेंटेनर जरा रोखून बघतात, आणि ते साहजिक आहे.

विश्वासाचा आणखी एक भंग त्याआधीचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, दोष लपवलेले पॅच कर्नेलमध्ये शिरतात का हे पाहण्यासाठी, मुद्दाम तसे पॅच मेंटेनरांना न सांगता पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये कर्नेलचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे सगळे बदल थांबवले आणि तिथून पूर्वी आलेलेही तपासायला काढले. शोधनिबंध मागे घेण्यात आला. चांगल्या हेतूने पॅच पाठवलेल्या त्याच विद्यापीठातल्या इतरांचे कामही त्यात अडकले.

रिव्ह्यू येतो तेव्हा नवख्याचा चेहरा पडतो. दहा-बारा ओळींवर सात टिप्पण्या! शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हे दृश्य रोजचे आहे. तपासणीत कास्टिंग बाजूला पडते ते दोषाच्या नावाने: ब्लोहोल, कोल्ड शट, श्रिंकेज. साचा कोणी भरला हा प्रश्न नंतरचा. आधी माल सुधारतो का ते पाहतात. कोडचा रिव्ह्यूही असाच वाचावा. सगळे रिव्ह्यू सभ्य असतात असे मात्र नाही. टोरवाल्ड्स यांच्या जुन्या पत्रांतली भाषा प्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी तिच्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाले, आणि त्याच महिन्यात कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली. तेव्हा पॅच पाठवणाऱ्यानेही अपमान गिळलाच पाहिजे असा नियम नाही. कोडवरची टीका आणि माणसावरचा शेरा यांतली रेघ आता लिहून ठेवलेली आहे.

गुऱ्हाळाच्या पॅचवर येऊ शकेल अशी एक टिप्पणी बघण्यासारखी आहे. एखादा नेपाळी वाचक लिहील: ‘आमच्याकडे हाच र जोडकानेच लिहितात, ‘केले’ याला आम्ही जो शब्द वापरतो त्यात तो पदोपदी येतो. ऱ हे अक्षर आमच्या लिपीव्यवहारात नाही. तुमचा पॅच साठवतानाच मजकूर बदलतो, म्हणजे आमचे सगळे लिखाण बिघडवतो.’ संदेशातली चूक ती हीच. मराठी माणसाला जी दुरुस्ती निर्विवाद वाटत होती, ती त्याच देवनागरीतल्या दुसऱ्या भाषेची मोडतोड करत होती. उपाय साधा आहे: साठवलेले तसेच ठेवा, फक्त तुलना करताना दोन्ही बाजू तात्पुरत्या एका रूपात आणा. पण तो सुचायला दुसऱ्या भाषेचा डोळा लागला.

दुसरी आवृत्ती पाठवताना शीर्षकात ‘व्ही २’ लिहितात आणि पहिल्यापेक्षा काय बदलले ते दोन-तीन ओळींत देतात. प्रत्येक टिप्पणीला उत्तर द्यायचे असते: मान्य असेल तर ‘केले’, अमान्य असेल तर कारण. मुकाट्याने पाच मुद्दे सुधारून दोन सोडून दिले, तर वाचणाऱ्याला ते सोडले की राहिले ते कळत नाही. ज्याच्या सूचनेने दोष टळला त्याचे नाव संदेशात देण्याचीही रीत आहे. चूक कळवणाऱ्याला, तपासणाऱ्याला, चालवून पाहणाऱ्याला वेगवेगळ्या ठरावीक ओळी असतात. पण तपासल्याची ओळ ज्याची त्याने द्यावी लागते. ‘छान दिसते आहे’ एवढे कोणी म्हटले म्हणून त्याचे नाव तपासनीस म्हणून परस्पर टाकणे हा खोटा दाखला होय.

नकारही येतो. ‘हे या प्रकल्पाचे काम नाही’ हे उत्तर पटले नाही तर एकदा, नव्या पुराव्यासह, पुन्हा मांडावे. मराठीच्या बाबतीत पुराव्याचे वजन फार पडते. मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदी छपाईत त्यांची रूपे वेगळी. मराठी न वाचणाऱ्या मेंटेनरला ‘आमचा ल चुकीचा दाखवता’ असे रागाने सांगून काही हलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने अक्षर बरोबरच आहे. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेबद्दल काढलेला निर्णय, दोन्ही रूपांची शेजारी शेजारी चित्रे, आणि मराठी भाषा निवडली असेल तेव्हाच रूप बदलण्याची ओपनटाइप फाँटांतली सोय एवढे पुढे ठेवले, की चर्चा भावनेवरून कामावर येते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने मुळात घडवलेले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली आणलेले ‘लोहित’ फाँट अशा कामाचे जवळचे उदाहरण आहे. कोणालाही ते उघडून पाहता येतात. एवढे करूनही नकारच आला तर प्रकल्पाची प्रत घेऊन वेगळी चूल मांडता येते. तो हक्क परवान्याने दिलेलाच आहे. मात्र ती चूल पेटती ठेवण्याचे काम तिथून पुढे आपले.

नुसत्या अनुवादाचे पॅच बहुधा या वाटेने येत नाहीत. मोझिलाचे पाँटून, लिब्रेऑफिसचे वेबलेट अशा वेगळ्या खिडक्या त्यासाठी आहेत, आणि तिथे आधीच्या अनुवादकांनी ठरवलेल्या शब्दांची यादी पाळणे हाच मुख्य शिष्टाचार. ‘फाइल’ला कोणी धारिका केले, कोणी संचिका; एकाच मेन्यूत दोन्ही नकोत.

संख्येच्या मागे लागले की काय होते तेही भारतात पाहायला मिळाले आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ऑक्टोबरमध्ये चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये प्रकल्पांच्या माहितीपत्रकातल्या एखाद्या वाक्यात ‘अप्रतिम’ हा शब्द घुसवणाऱ्या विनंत्यांचा पूर आला. त्यातल्या बऱ्याच भारतातून होत्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः होकार देतील तेवढ्यांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्स्प्रेस’ या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात आपापली नावे घालणाऱ्या विनंत्यांची अशीच रांग लागली, कारण शिकवणीच्या व्हिडिओत सरावासाठी तोच प्रकल्प दाखवला होता. सरावाला स्वतःची रिकामी रिपॉझिटरी फुकट मिळते. आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारणारा गिटहबवर रोजच्या कामाची नोंद दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांच्या मागचा कोड उघडून पाहतोच.

पॅच आत गेला की पाठवणाऱ्याचे नाव इतिहासात कायम राहते, आणि तपासायला येणारे त्याच नावाने येतात. नव्या आवृत्तीत कोणाचे काही बिघडले आणि बायसेक्टने या बदलाकडे बोट दाखवले, तर उत्तर द्यायला जागेवर असणे ही शेवटची जबाबदारी. उपाय लगेच सुचत नसेल तर आपलाच बदल तूर्त मागे घ्या असे आपणहून सांगण्यात कमीपणा नाही. चालू आवृत्त्या वापरणाऱ्यांनाही दुरुस्ती हवी असते. ईआरपीनेक्स्टमध्ये बदल आधी विकासाच्या मुख्य शाखेवर घेतात आणि मग लेबल लावून जुन्या आवृत्त्यांत उतरवतात. कर्नेलमध्ये कोणत्या जुन्या बदलाने चूक शिरली ते ‘फिक्सेस’ या ओळीत त्याच्या ओळखक्रमांकाच्या पहिल्या बारा अक्षरांनिशी लिहितात, म्हणजे कोणत्या आवृत्त्यांना ठिगळ लागेल ते आपोआप निघते. गुऱ्हाळाची दुरुस्ती मार्केट यार्डातल्या त्या दुकानापर्यंत पोचायला त्यानंतरही काही महिने जातात. दुकानातल्या संगणकावर कोणीतरी नवी आवृत्ती चढवावी लागते, आणि हंगाम सुरू असताना चालत्या यंत्राला हात लावायला तिथे कोणी तयार नसते.